दीडशे मिलिमीटरचा हिशोब

जुन्या जीपला नवा गिअरबॉक्स बसवून आणलेला माणूस ‘क्लच सुटत नाही’ म्हणून आला, की मी त्याला आधी पायाखालची मॅट काढायला सांगतो. बऱ्याच जणांना ते पटत नाही. मी गाडीखाली झोपावं, काहीतरी खोलावं, अशी त्यांची अपेक्षा असते. पण क्लचचं पेडल वरून खाली जातं ते सगळं मिळून साधारण दीडशे मिलिमीटर. जाड रबरी मॅट आणि तिच्यावर अंथरलेलं गोणपाट मिळून त्यातले पंधरा सहज खातात. दहावा हिस्सा पायाखालीच संपला, तर पुढच्या यंत्राने काय करावं?

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली. आता वाईला पुतण्याच्या गॅरेजमध्ये बसतो. साताऱ्याच्या या डोंगरी भागात जुन्या जीप अजून कामाला आहेत. कुणी शेणखत नेतं, कुणी स्ट्रॉबेरीचे क्रेट, तर कुणी फक्त आजोबांची आठवण म्हणून जपून ठेवतं. विलीजच्या घडणीतली, महिंद्रांनी आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवलेली सीजे-३बी ही त्यातली मानाची गाडी. उंच बॉनेट, तीनच गिअर, आणि त्यातल्या पहिल्याला व रिव्हर्सला सिंक्रोमेश नाही. शेतात ती उत्तम चालते. पण सातारा-पुणे रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत राहतं. म्हणून लोक पाच गिअरचा गिअरबॉक्स शोधतात. कुणी सोबत डिझेल इंजिनही बदलतं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी घ्यावी लागते आणि आरसीवर नोंदही लागते, हे इथेच सांगून ठेवतो. गिअरबॉक्स बसतो, पट्ट्या वेल्ड होतात, प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळवली जाते. आणि गाडी रस्त्यावर आली की कळतं, क्लच सुटत नाहीये.

असं का होतं, हे समजायला क्लचचं काम डोळ्यांपुढे आणावं लागेल. इंजिनाच्या मागे जड फ्लायव्हील फिरतं. त्याला चिकटून क्लच प्लेट, आणि तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. दाब असतो तोवर इंजिनाची ताकद चाकांकडे जाते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, प्रेशर प्लेटच्या मधल्या पाकळ्या ढकलतं, आणि प्रेशर प्लेट क्लच प्लेटवरून उचलली जाते. किती उचलली जाते? दीड-दोन मिलिमीटर. त्यासाठी बेअरिंगला सुमारे आठ मिलिमीटर सरकावं लागतं. आणि त्या आठसाठी आपला पाय दीडशे मिलिमीटर खाली जातो. पाय इतका लांब का न्यायचा, तर शेकडो किलोंचा दाब माणसाच्या दहा-पंधरा किलोंच्या जोराने उचलायचा आहे म्हणून. अंतर देऊन जोर विकत घ्यायचा, एवढाच तो व्यवहार. गिअरबॉक्स बदलणारा माणूस नकळत या व्यवहाराचे भाव बदलून बसतो.

मूळ जीपमध्ये पेडल पायाखालच्या पत्र्यातून वर आलेलं असतं. खाली आडवा शाफ्ट, त्याला केबल आणि केबलच्या टोकाला फोर्क. गिअरबॉक्स बदलला की फोर्कची जागा बदलते, केबल पोहोचत नाही. मग बहुतेक मिस्त्री हायड्रॉलिक क्लच बसवतात. वर टांगतं पेडल, त्याच्या पुढे मास्टर सिलिंडर, तिथून बारीक पाइपने ब्रेक ऑइल खाली स्लेव्ह सिलिंडरकडे, आणि स्लेव्हचा रॉड फोर्कला ढकलतो. कल्पना चांगली आहे. अडचण इथे येते, की पेडल एका गाडीचं, मास्टर दुसऱ्या गाडीचा, स्लेव्ह गिअरबॉक्सबरोबर आलेला आणि प्रेशर प्लेट बाजारात मिळाली ती. प्रत्येक सुटा भाग चांगला असतो. पण ते चौघे एकमेकांसाठी बनलेले नसतात, आणि त्यांचा गुणाकार कुणी मांडून पाहत नाही.

वर्गात हे शिकवताना मी इंजेक्शनच्या दोन रिकाम्या सिरिंज घ्यायचो, एक पाच मिलीची, एक दहाची. सलाइनच्या नळीने जोडायच्या आणि पाणी भरायचं. पाचच्या सिरिंजचा दांडा बोटभर दाबला, तर दहाच्या सिरिंजचा दांडा तेवढा सरकत नाही. पण अंगठ्याने अडवून पाहिलं, तर तो जोरात ढकलतो. मास्टर आणि स्लेव्ह नेमकं हेच करतात. किती अंतर जाईल आणि किती जोर येईल, हे दोघांच्या भोकांच्या क्षेत्रफळावर ठरतं. आमच्याकडे ही भोकं अजून सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाच सुती मास्टर, सहा सुती मास्टर, सात सुती स्लेव्ह. ऐकायला एका सुताचा फरक. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे पाच सुतावरून सहा सुतावर गेलं की ते १९८ चौरस मिलिमीटरवरून २८५ वर जातं. म्हणजे जवळजवळ दीडपट.

आता आबांची जीप घेतो. आबा पाचगणीच्या वरच्या अंगाच्या एका गावातले स्ट्रॉबेरीचे बागायतदार. नाव सांगत नाही, आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणतो. सत्तरीकडे झुकलेले आहेत, पण क्रेट घेऊन पसरणी घाट स्वतः उतरतात आणि रिकामी गाडी स्वतः चढवतात. त्यांच्या सीजे-३बीला कुठल्याशा गॅरेजमध्ये पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवून घेतला होता. ते आले आणि म्हणाले, “सर, पाय पार पत्र्याला टेकतोय, तरी रिव्हर्स पडंना. कर्रकन ओरडतोय.” मग थोडं थांबून म्हणाले, “आन् घाट चढून वर गेलं, की उलटंच होतंय. इंजिन पळतंय, गाडी पळत न्हाई. वास सुटतोय.”

एकाच गाडीत दोन उलट तक्रारी होत्या. खाली क्लच सुटत नाही, वर क्लच धरत नाही. आधीच्या मिस्त्रीने प्लेट खराब म्हणून नवी प्लेट टाकली होती. तीही निळी पडली होती.

मी पुतण्याला बॉनेट उघडायला सांगितलं आणि मास्टरच्या रॉडकडे बोट दाखवलं. रॉडच्या टोकाला नट वेल्ड करून त्याची लांबी वाढवलेली होती. क्लच सुटेना, तर रॉड लांब करू, पिस्टन आणखी आत जाईल, असा तो विचार. हा उपाय जागोजाग केला जातो, आणि जागोजाग प्लेट जाळतो. कारण मास्टरमध्ये पिस्टन पूर्ण मागे आला की एक बारीक भोक उघडं पडतं. त्या भोकातून खालचं ऑइल परत टाकीशी जोडलं जातं. घाटात इंजिन तापतं, सायलेन्सरजवळून गेलेला पाइप तापतो, ऑइल फुगतं. फुगलेलं ऑइल त्या भोकातून टाकीत जायला हवं. रॉड लांब केला, की पाय उचलल्यावरही पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि भोक झाकलेलंच राहतं. मग फुगलेल्या ऑइलला एकच वाट उरते: स्लेव्हचा पिस्टन पुढे ढकलायची. आबांचा पाय पेडलवर नसतानाही क्लच थोडा दाबलेला राहत होता. चढावर, ओझ्याखाली प्लेट घसरत होती आणि जळत होती. तासभर थांबलं, ऑइल थंड झालं, की गाडी पुन्हा ठीक. दोष प्लेटचा नव्हताच.

म्हणून पेडल वर असताना रॉड आणि पिस्टन यांच्यात मिलिमीटरभर मोकळीक ठेवायची. पेडलशी ती सहा मिलिमीटर जाणवते. ही मोकळीक वाया गेलेलं अंतर नाही. केबलच्या गाड्यांमध्ये, म्हणजे मारुती ८०० सारख्यांत, पेडलची सुरुवातीची ढिलाई वेगळ्या कारणासाठी लागते. तिथे प्लेट झिजत गेली की पाकळ्या मागे सरकून बेअरिंगला भिडतात आणि ढिलाई कमी होत जाते. ती शून्यावर आली की क्लच घसरू लागतो. दोन्ही ठिकाणी पेडल वर असताना क्लचवर थोडासुद्धा दाब नको. पेडलवर पाय विसावून गाडी चालवणाऱ्यांना हे मी कळकळीने सांगतो. तुमचा हलका पायसुद्धा बेअरिंगला सतत फिरवत ठेवतो.

रॉड मूळ लांबीवर आणला. आता पहिली तक्रार आणखी वाढणार, हे उघड होतं. पण आता निदान खरं माप घेता येत होतं.

मोजायचं कुठून? बहुतेक जण पेडलपासून सुरू करतात. मी बेअरिंगपासून मागे येतो. बेल हाउसिंगवरची रबरी टोपी काढली की फोर्कचा बाहेरचा हात दिसतो. पेडल पूर्ण दाबून स्लेव्हचा रॉड किती सरकला, ते व्हर्नियरने मोजायचं. आबांच्या जीपमध्ये तो जेमतेम अकरा मिलिमीटर सरकत होता. या फोर्कचा बाहेरचा हात आतल्या हाताच्या १.८ पट लांब होता. म्हणजे बेअरिंग सहा मिलिमीटरच्या थोडंसंच पुढे. हवेत आठ. मॅट तर आधीच काढलेली होती.

मग गुणाकार मांडला. पेडलच्या खिळीपासून पायापर्यंत ३०० मिलिमीटर, खिळीपासून रॉडपर्यंत ५०. म्हणजे सहास एक. पायाचे दीडशे, रॉडचे पंचवीस. मोकळीक वजा जाता चोवीस. मास्टर पाच सुती, स्लेव्ह सात सुती. सात सुताचं क्षेत्रफळ ३८८ चौरस मिलिमीटर, म्हणजे मास्टरच्या दुपटीला जरा कमी. चोवीसचे स्लेव्हला सव्वाबारा मिळायला हवेत. मिळत होते अकरा. म्हणजे वाटेत कुठेतरी मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर गळत होतं. आणि गळती पूर्ण थांबवली, तरी सव्वाबाराला १.८ने भागून ६.८च येणार. आठ होणारच नाहीत. कागदावरच दिसत होतं, की हा मास्टर आणि हा स्लेव्ह या गिअरबॉक्सला कधीच पुरे पडले नसते. कितीही ॲडजस्ट केलं तरी.

तरीही आधी गळती काढायची. मास्टर बदलून गळती झाकली, तर ती पुढे वाढतच जाते. आबांना पेडल दाबायला बसवलं आणि मी समोरून पाहत राहिलो. प्रत्येक दाबाबरोबर मास्टर सिलिंडर पुढे मान हलवत होता. मास्टर ज्या पत्र्यावर बसवला होता, तो सीजे-३बीचा पत्रा मुळात क्लचच्या पेडलचा जोर सोसायला बनवलेलाच नव्हता. मूळ पेडल तळातून येणारं. पत्रा मिलिमीटरभर वाकला, की पायाचे सहा मिलिमीटर गेले. पुतण्याने आतून तीन मिलिमीटर जाडीची प्लेट लावली आणि ती पेडलच्या ब्रॅकेटला आडव्या पट्टीने जोडली, म्हणजे पेडलचा रेटा आणि मास्टरचा प्रतिरेटा एकाच लोखंडात राहील. पेडल आणि रॉड जोडणारी पिन झिजली होती, तिचं भोक लंबगोल झालं होतं. तिथे बुश घातला.

एअर काढण्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण निम्मे क्लच तिथेच फसतात. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पाइपमध्ये बुडबुडा राहिला, तर पायाचं अंतर तो बुडबुडा दाबण्यातच जातं. पाइप मास्टरपासून स्लेव्हपर्यंत एकसारखा उतरता हवा. मध्ये कमान केली, तर हवा कमानीच्या माथ्यावर अडते. स्लेव्ह बसवताना एअर काढायचं निपल वरच्या बाजूला हवं. गिअरबॉक्स बदलताना स्लेव्ह उलटा बसतो, निपल खाली जातं, आणि मग पेडल मारून मारून माणूस थकतो. आम्ही खालून भरतो: मोठ्या सिरिंजमध्ये ब्रेक ऑइल घ्यायचं, नळीने निपलला जोडायचं आणि हळूहळू वर ढकलायचं. हवेला मुळात वरच जायचं असतं. शेवटचा रबरी होज जुना असेल, तर तोही बदलायचा. दाबाखाली फुगणारा होज बुडबुड्यासारखंच अंतर खातो, आणि बाहेरून तो चांगला दिसतो.

एवढं झाल्यावर स्लेव्हला सव्वाबारा मिळाले. कागदाने सांगितलं होतं तेवढेच. त्याचं मला फार समाधान वाटलं. आकडा जुळला म्हणजे आता गाडीत लपलेलं काही उरलं नाही.

आता उरलेलं अंतर विकत घ्यायचं होतं. दोन वाटा होत्या. मास्टर सहा सुती करायचा, किंवा स्लेव्ह सातवरून सहा सुतावर आणायचा. पहिल्या वाटेने बेअरिंगला ९.८ मिलिमीटर मिळाले असते, दुसऱ्या वाटेने सव्वानऊ. पुतण्याचा कल पहिलीकडे होता. “काका, जास्त मिळतंय तर घेऊ की,” म्हणाला. पण इथे जास्त म्हणजे चांगलं नव्हे. पाकळ्या गरजेपेक्षा आत ढकलल्या, तर त्या क्लच प्लेटच्या मधल्या स्प्रिंगांना घासू शकतात आणि त्यांची स्प्रिंग लवकर थकते. शिवाय अंतर वाढलं की पेडल जड होतं, आणि ते टाळता येत नाही. ताणकाट्याने मोजलं, तेव्हा आबांचं पेडल अकरा किलोंच्या आसपास होतं. सहा सुती मास्टरने ते सोळाच्या जवळ गेलं असतं, सहा सुती स्लेव्हने पंधरावर. किलोचाच फरक, पण घाटात, वळणावळणाला, सत्तरीच्या माणसाच्या डाव्या गुडघ्याला तो रोज सोसावा लागतो. गुडघा कुणाचा आहे, हे मापात धरलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. आम्ही स्लेव्ह बदलला. पेडल वर यावं म्हणून कुणीतरी लावलेली भक्कम स्प्रिंग काढून साधी लावली, तेव्हा आणखी दीड किलो उतरला. पेडलच्या खाली एक बोल्ट आणि लॉकनट लावून थांबा केला, म्हणजे घाईत पाय आपटला तरी बेअरिंग हद्दीबाहेर जाणार नाही.

रिव्हर्स पडला. पण हलकीशी खर्र उरली होती. बेअरिंग आता पुरतं सरकत होतं, म्हणजे प्रश्न अंतराचा नव्हता. अशा वेळी नजर पायलट बुशकडे जायला हवी. गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टचं टोक फ्लायव्हीलच्या मध्यातल्या छोट्या बुशमध्ये टेकलेलं असतं. इंजिन एका घराण्याचं, गिअरबॉक्स दुसऱ्या, म्हणून हा बुश लेथवर करून घ्यावा लागतो. तो घट्ट झाला, तर क्लच पूर्ण सुटूनही शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत राहतो. लक्षण अगदी क्लच न सुटल्याचंच. पण पेडल, मास्टर, स्लेव्ह यांत कितीही फेरफार केले तरी त्याला काही फरक पडत नाही. गिअरबॉक्स उतरवावा लागला. बुश घट्टच निघाला. शाफ्टवर घासल्याची चमक होती. दुसरा बुश करून घेतला आणि उतरवल्यासरशी आणखी एक गोष्ट पाहिली. फ्लायव्हील पूर्वी लेथवर बरंच फेस केलेलं होतं. ते जेवढं पातळ झालं, तेवढी प्रेशर प्लेट इंजिनाकडे सरकली होती आणि पाकळ्या बेअरिंगपासून लांब गेल्या होत्या. त्यामुळे फोर्क आधीच पुढे झुकलेला आणि स्लेव्हचा पिस्टन आपल्या हद्दीच्या टोकाशी काम करत होता. फोर्क ज्या गोल डोक्याच्या स्टडवर टेकतो, त्याखाली वॉशर घालून ती उंची भरून काढली. आता फोर्क अर्ध्या वाटेवर शाफ्टशी काटकोनात येतो आणि पेडल सगळीकडे सारखं जाणवतं.

ज्यांना आपला क्लच घरीच तपासायचा आहे, त्यांच्यासाठी सांगतो. सपाट जागी इंजिन सुरू ठेवा, क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. आवाज आला, तर क्लच पूर्ण सुटत नाही, किंवा बुश धरतोय. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर आवाज गेला, तर आधी हवेचा किंवा मास्टरच्या सीलचा संशय घ्या. आणि चढावर इंजिनाचा आवाज वाढून वेग वाढत नसेल, तर प्लेटची ऑर्डर देण्याआधी पेडलची मोकळीक पाहा.

गिअरबॉक्स बदलायचा विचार असेल, तर तो उचलून बसवण्याआधी चार मापं मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्या: पेडलच्या दोन हातांची लांबी, मास्टरचं भोक, स्लेव्हचं भोक, फोर्कच्या दोन हातांची लांबी. सोबत नव्या प्रेशर प्लेटला बेअरिंगचं किती अंतर लागतं, तो आकडा. गुणाकार-भागाकार दहावीतली मुलगी करून देईल. शाफ्टचं टोक बुशमध्ये घालून बोटाने फिरवून पाहा. ते सैल न डुलता मोकळं फिरायला हवं. आबांच्या जीपमध्ये हे आकडे आम्ही पेंटने बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहिले आहेत, शेजारी स्लेव्हचा सरक आणि तारीख. पुढच्या हंगामानंतर ते जीप घेऊन येतील, तेव्हा रबरी टोपी काढून पुन्हा मोजायचं. सरक तेवढाच भरला, तर काही उघडायचं नाही. मिलिमीटरने कमी भरला, तर आधी पिन पाहायची, मग होज, मग हवा.